प्रस्तावना : रेणूची परीक्षा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्रबंध चाळले, तर एक ओळखीचा आराखडा पुन्हा पुन्हा भेटतो. थायाझोल, पायराझोल, चॅलकोन, शिफ बेस, ट्रायाझोल यांपैकी एखादा सांगाडा घ्यायचा. त्यावर क्लोरो, नायट्रो, मिथॉक्सी असे गट आलटूनपालटून बसवायचे. दहा-बारा नवी संयुगे तयार झाली की एनएमआर आणि मास स्पेक्ट्रम काढून त्यांची रचना पक्की करायची आणि शेवटच्या प्रकरणापुरती ती सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे धाडायची. तिकडून मिलिमीटरमधले आकडे येतात. ई. कोलायवर १४, स्टॅफिलोकॉकसवर १६, तुलनेसाठी शेजारी सिप्रोफ्लॉक्सासिनचे २८. निष्कर्षात एक वाक्य ठरलेले असते, की ही संयुगे आश्वासक आहेत.

या आराखड्याची थट्टा करायची म्हणून मी हे लिहीत नाही. त्यातून विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांचे हात तयार झाले, आणि आपल्या औषध कारखान्यांना लागणारे रसायनज्ञ याच वाटेने आले. पण सिंथेसिसला शंभर पाने आणि चाचणीला चार, असे जे माप पडले आहे, त्यामागे एक समजूत आहे. रेणू घडवणे हे खरे काम आणि चाचणी म्हणजे त्यावर मारायचा शिक्का, ही ती समजूत. हे पुस्तक ती मोडायला निघाले आहे आणि मला ते मोलाचे वाटते ते त्यासाठीच.

जंतू मारणे मुळात अवघड नाही. ब्लिचिंग पावडर मारते, फिनाइल मारते, मोरचूद मारते. रुग्णाच्या फुप्फुसात किंवा रक्तात शिरलेला जंतू मारायचा आणि त्याच रक्तातल्या पेशींना धक्का लावायचा नाही, इथे खरी कसोटी लागते. म्हणून या क्षेत्रात रेणूची रचना करणारा आणि त्याची परीक्षा घेणारा, दोघेही रचनाकारच असतात. परीक्षा चुकीची असेल तर चांगला रेणू नापास होतो आणि टाकाऊ रेणू पहिला येतो. दोन्हींची उदाहरणे इतिहासात भरपूर आहेत.

नवख्या वाचकासाठी आधी क्षेत्राची हद्द सांगतो. प्रतिजैविक म्हटले की पेनिसिलिन आठवते आणि त्याच्यामागून बुरशी. मातीतल्या बुरशा आणि स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू जी द्रव्ये तयार करतात, ती एक मोठी शाखा. त्या नैसर्गिक रेणूंचा गाभा ठेवून बाकीचे अवयव प्रयोगशाळेत बदलायचे, ही दुसरी, अर्धसंश्लेषित शाखा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बीचम कंपनीने पेनिसिलिनचा गाभा वेगळा काढला, त्यातून पुढे मेथिसिलिन आणि अँपिसिलिन आले. तिसरी शाखा निसर्गाचा नमुना समोर नसताना माणसाने फ्लास्कमध्ये घडवलेल्या रेणूंची. सल्फा औषधे, आयसोनायझिड, ट्रायमेथोप्रिम, क्विनोलोन, लिनेझोलिड, बेडाक्विलिन ही सगळी मंडळी या तिसऱ्या घरची. पुस्तकाचा रोख तिच्यावर आहे. गंमत अशी, की पेनिसिलिनच्या दिपवणाऱ्या गोष्टीमुळे ही शाखा धाकटी समजली जाते, पण वयाने तीच थोरली आहे.

तिचा इतिहास सहसा रेणूंची वंशावळ म्हणून सांगतात. मला तो चाचण्यांचा इतिहास म्हणून वाचावासा वाटतो.

फ्रँकफुर्टमध्ये पॉल एर्लिख आणि त्यांचे रसायनज्ञ आल्फ्रेड बर्टहाइम आर्सेनिकची संयुगे क्रमांक घालून तयार करत होते. ६०६ क्रमांकाचे संयुग १९०७च्या सुमारास तयार झाले, निरुपयोगी ठरले आणि कपाटात गेले. पुढे तोक्योच्या कितासातो संस्थेतून साहाचिरो हाता तिथे आले. सशांमध्ये सिफिलिसची लागण घडवून आणण्याचे तंत्र त्यांना अवगत होते. त्यांनी जुन्या बाटल्या पुन्हा उघडल्या आणि १९०९मध्ये ६०६ सशांवर लागू पडले. दुसऱ्याच वर्षी ते साल्वरसान या नावाने बाजारात आले. बाटलीतला रेणू तोच होता, परीक्षा बदलली होती.

बायर कंपनीत एल्बरफेल्डला गेरहार्ड डोमाक यांनी तर याहून मोठा धडा दिला. योझेफ क्लारर आणि फ्रिट्झ मिच हे रसायनज्ञ कापडाच्या रंगांच्या जातकुळीतली संयुगे तयार करून देत आणि डोमाक ती स्ट्रेप्टोकॉकसची लागण केलेल्या उंदरांना देत. १९३२मध्ये प्रोन्टोसिल या लाल रंगाने उंदीर वाचवले. काचेच्या नळीत मात्र तोच रंग जंतूंवर ओतला तर त्यांना काहीही होत नव्हते. आपल्या आजच्या प्रबंधी आराखड्यातून प्रोन्टोसिल गेले असते तर 'निष्क्रिय' असा शेरा मारून तक्त्यात शेवटी बसवले गेले असते. कोडे पॅरिसच्या पास्टर संस्थेत सुटले. शरीरात गेल्यावर तो रंगीत रेणू तुटतो आणि सल्फानिलामाइड नावाचा लहानसा, बिनरंगी तुकडा मोकळा होतो. काम तो तुकडा करतो. हे सल्फानिलामाइड व्हिएन्नात १९०८मध्येच तयार झाले होते. पाव शतकाहून अधिक काळ ते रंगरसायनाच्या विश्वात पडून राहिले, कारण आजारी उंदराला ते कोणी देऊन पाहिलेच नाही.

क्षयरोगाच्या औषधांतही हेच दिसते. आयसोनायझिड प्रागमध्ये १९१२मध्ये तयार झाले आणि त्याचा क्षयावरचा गुण कळायला १९५२ उजाडले. पायराझिनामाइडची तऱ्हा आणखी वेगळी. नेहमीच्या पोषक द्रावात ते क्षयाच्या जंतूला जवळपास शिवतही नाही. त्याचे काम आम्लधर्मी माध्यमात चालते, आणि ते सापडले ते उंदरांमुळे. आज शासकीय दवाखान्यातून क्षयरोग्याला मिळणाऱ्या गोळीत ही दोन्ही औषधे असतात. प्राथमिक चाचणीवरच भिस्त ठेवली असती तर त्यांतले निदान एक आपल्या हाती लागले नसते. पेनिसिलिनचेही तेच. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८मध्ये बुरशीभोवतीचे स्वच्छ वर्तुळ पाहिले, पण लागण झालेल्या उंदराला तो रस देण्याचा प्रयोग केला नाही. ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी आणि सहकाऱ्यांनी तो २५ मे १९४० रोजी केला. आठ उंदीर, त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढेच चार जिवंत होते.

परीक्षा राहून गेल्याची दुसरी बाजू अधिक भीषण आहे. १९३७मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचे गोड, पातळ औषध विकायला आले. औषध खरे होते, पण ते विरघळवण्यासाठी वापरलेले डायएथिलीन ग्लायकॉल विषारी होते आणि प्राण्यांवर चाचणी न करताच बाटल्या बाजारात गेल्या होत्या. शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांत मुले पुष्कळ. पुढच्या वर्षी अमेरिकेत औषधांचा कडक कायदा आला. मुंबईच्या वाचकांना हे रसायन अनोळखी नाही. १९८६च्या ग्लिसरीन प्रकरणात लेंटिन आयोगापुढे तेच होते.

आता विचारधारांकडे. या क्षेत्रात ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एक म्हणते, आधी अख्खा जंतू मरतो का ते पाहा, कसा मरतो ते मागाहून शोधू. दुसरे म्हणते, जंतूच्या जगण्याला अत्यावश्यक असे एक एन्झाइम आधी निवडा, त्याची त्रिमिती रचना मिळवा आणि त्याच्या खाचेत बसेल असा रेणू आखा. दुसऱ्या घराण्याचा जुना मान जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्याकडे जातो. फॉलिक आम्लाच्या वाटेवरचे एक एन्झाइम आपल्यातही असते आणि जिवाणूतही, पण दोन्हींच्या घडणीत बारीक फरक आहे. त्या फरकाचा फायदा घेणारे ट्रायमेथोप्रिम जिवाणूच्या एन्झाइमला आपल्या एन्झाइमपेक्षा हजारो पटींनी घट्ट धरते. सल्फा औषधांना याच वाटेचा आधार आहे. जिवाणू फॉलिक आम्ल स्वतः तयार करतो, आपण ते पालेभाजीतून आणि डाळीतून घेतो. त्याचा कारखाना बंद पाडला तर आपले काही बिघडत नाही.

१९९५मध्ये पहिल्यांदा एका जिवाणूचा संपूर्ण जीनोम वाचला गेला आणि दुसऱ्या घराण्याला जोर चढला. शेकडो नवी लक्ष्ये समोर आली. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीने १९९५ ते २००१ या काळात ३००हून अधिक जनुके तपासली, लाखो संयुगांच्या संग्रहांवर ७० मोठ्या चाळण्या लावल्या आणि हाती पुढे नेण्याजोगी पाच सूत्रे लागली. कंपनीने हा हिशेब २००७मध्ये उघडपणे प्रसिद्ध केला, याबद्दल तिचे आभार मानावेत. फसलेल्या कामाची इतकी प्रामाणिक नोंद औषध उद्योगात क्वचित मिळते.

असे का झाले, हे समजून घेणे म्हणजे या विषयाचा अर्धा अभ्यास. नळीतले एन्झाइम बंद पाडणारा रेणू जिवाणूच्या आत शिरेलच असे नाही. ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास यांसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना दोन आवरणे असतात. बाहेरचे तेलकट रेणूंना अडवते, त्यातली पोरिन नावाची अरुंद दारे मोठ्या रेणूंना अडवतात आणि यातूनही आत गेलेला रेणू जंतूचे पंप बाहेर फेकतात. मग रसायनज्ञाने काय करावे? अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या पॉल हर्गनरोथर यांच्या गटाने २०१७मध्ये एक व्यवहारी उत्तर दिले. रेणूवर मोकळा प्राथमिक अमाइन असावा, रेणू फार लवचीक नसावा, सपाट असावा. फक्त ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंवर चालणाऱ्या एका जुन्या रेणूला असा अमाइन बसवून त्यांनी तो ग्रॅम-निगेटिव्हांवर चालवून दाखवला. गोळी म्हणून चालणाऱ्या औषधांसाठी क्रिस्टोफर लिपिन्स्की यांचे नियम आपल्याकडे एम.एस्सी.चा विद्यार्थीही पाठ म्हणून दाखवतो. पण ते नियम आतड्यातून शोषण होण्याचे, जिवाणूच्या भिंतीतून आत जाण्याचे नव्हेत. प्रतिजैविकांतली पुष्कळ नामांकित औषधे त्यांत बसत नाहीत. हा भेद मला आपल्या प्रबंधांत सहसा दिसत नाही.

पहिले घराणे या सगळ्या काळात शांतपणे काम करत राहिले. बेडाक्विलिन त्याच वाटेने आले. कोएन आंद्रीस आणि सहकाऱ्यांनी क्षयाच्या जंतूचा निरुपद्रवी, लवकर वाढणारा भाऊबंद घेऊन त्यावर संयुगे तपासली आणि लागू पडलेल्या संयुगाला दाद न देणारे उत्परिवर्ती जंतू वाढवून त्यांचा जीनोम वाचला. तेव्हा कळले, की रेणू जंतूचे ऊर्जा तयार करणारे यंत्रच बंद पाडतो. हे संशोधन २००५मध्ये प्रसिद्ध झाले आणि डिसेंबर २०१२मध्ये औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आधी लक्ष्य निवडायला बसले असते तर हे लक्ष्य बहुधा कोणी घेतले नसते, कारण आपल्या पेशींतही त्याच जातीचे यंत्र आहे.

तिसरे घराणे आता उभे राहते आहे, ते संगणकाचे. एमआयटीमधल्या गटाने २०२०मध्ये हॅलिसिन नावाचा रेणू मशीन लर्निंगने शोधून काढला, त्याचा गाजावाजा मराठी वर्तमानपत्रांतही झाला. त्यातली एक गोष्ट बातम्यांत हरवली. संगणकाला शिकवण्यासाठी आधी २,३३५ रेणू ई. कोलायवर प्रत्यक्ष तपासून घेतले होते. यंत्राची अक्कल त्या थाळ्यांइतकीच.

त्या थाळीजवळ थोडे थांबायला हवे. प्लॅस्टिकची तळहाताएवढी प्लेट, तिच्यात आठ ओळींत बारा-बारा असे ९६ खळगे. पहिल्या खळग्यात संयुग मिलिलिटरला १२८ मायक्रोग्रॅम, पुढच्यात ६४, मग ३२, असे निम्मे निम्मे करत जायचे. प्रत्येक खळग्यात मिलिलिटरला सुमारे पाच लाख जिवाणू पडतील इतकी लागण करायची. ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवायचे. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडाकडे धरली की गढूळ खळग्यांत जंतू वाढलेले, नितळ खळग्यांत थोपलेले. ज्या सर्वांत कमी मात्रेला द्राव नितळ राहिला ती एमआयसी.

इतके सोपे, आणि इथेच सगळ्या चोरवाटा. नवी संयुगे बहुतेक पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून ती डीएमएसओमध्ये घेतात. तो द्राव पाणीदार माध्यमात पडला की संयुग साखळते आणि खळगा गढूळ दिसतो, जंतू नसतानाही. डीएमएसओ जास्त झाले तर ते स्वतःच जंतूंना आवरते आणि श्रेय संयुगाला जाते. संयुग पिवळे असेल तर डोळा फसतो. माध्यमात थोडे रक्तद्रव्य घातले की प्रथिनांना चिकटून बसलेल्या रेणूचा गुण एका रात्रीत नाहीसा होतो. अगारवरच्या वर्तुळांची कथा तर आणखी नाजूक. वर्तुळाचा आकार रेणूच्या ताकदीइतकाच तो अगारात किती पसरतो यावर ठरतो. तेलकट, जड रेणू जागचा हलत नाही आणि गुणी असूनही लहान वर्तुळ देतो. त्यामुळे १४ मिलिमीटर आणि २८ मिलिमीटर यांची तुलना करून एक संयुग दुसऱ्याच्या निम्मे, असे म्हणता येत नाही. तुलना करायचीच तर एमआयसीची करावी, आणि ती केली की जमिनीवर यायला होते. प्रमाणित ई. कोलायवर सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी एका मायक्रोग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असते. तिच्याशेजारी २०० मायक्रोग्रॅमला काम करणाऱ्या संयुगाला आश्वासक म्हणायला धाडस लागते.

यानंतरचे प्रश्न मी झटपट सांगतो, पुस्तकात ते सविस्तर आहेत. याच मात्रेला मानवी पेशी जगतात का? तांबड्या रक्तपेशी फुटतात का? जंतू मरतो की नुसता थबकतो? किती लवकर तो औषधाला सरावतो? की हा रेणू दिसेल त्या प्रथिनाला चिकटणाऱ्या, कुठल्याही चाळणीत खोटा कौल देणाऱ्या जातीचा आहे? जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी २०१०मध्ये अशा रेणूंची यादी मांडली. तिच्यातला रोडानिन हा सांगाडा आपल्याकडे अजूनही लोकप्रिय आहे.

हे सगळे आज का वाचावे, त्याचे उत्तर आकड्यांत देता येते. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा अंदाज लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला. बुरशांचा हिशेब वेगळाच. २०२१च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने महाराष्ट्राला गाठले तेव्हा अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठी नातेवाइकांनी गावेच्या गावे पालथी घातली. त्वचारोगतज्ज्ञांचा रोजचा अनुभवही बोलका आहे. टर्बिनाफिनने हमखास बरा होणारा नायटा आता बरा होता होत नाही. त्यामागच्या बुरशीच्या एका प्रकाराच्या नावातच आता भारत आहे, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी.

गरज इतकी उघड असताना कंपन्या मात्र या क्षेत्रातून काढता पाय घेतात. नवे प्रतिजैविक डॉक्टर राखून ठेवतात, रुग्ण ते आठवडाभर घेतो, आणि विक्री होत नाही. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. ते औषध पुढे आपल्या सिप्लाने घेतले. ब्रिटनने खपाशी संबंध न ठेवता वर्षाला ठरावीक रक्कम देण्याची पद्धत सुरू केली आहे. मला तीच वाट खरी वाटते, नुसत्या अनुदानांवर हे क्षेत्र तगणार नाही.

आपल्याकडे या कामाची परंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. परळच्या हाफकिन संस्थेत साहिबसिंग सोखे यांच्या काळात प्लेगवर सल्फा औषधे तपासली गेली. पिंपरीला १९५४मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, आणि तिथे हॅमायसिन हे बुरशीनाशक सापडले. गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात के. नागराजन आणि सहकाऱ्यांनी सॅट्रानिडाझोल हे पूर्णपणे संश्लेषित औषध घडवले. छत्रपती संभाजीनगरला वोक्हार्टच्या संशोधन केंद्राने तर अलीकडे या क्षेत्राचा पिच्छाच पुरवला आहे. त्यांच्या लेव्होनॅडिफ्लॉक्सासिनला २०२०मध्ये भारतात मान्यता मिळाली आणि त्यामागून नॅफिथ्रोमायसिन आले. यातली किती नावे आपल्या रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहेत, हे तपासून पाहावे.

या पुस्तकाने स्वतःला एक बंधन घातले आहे. कोणताही रेणू त्याच्या परीक्षेवाचून सांगायचा नाही. त्यामुळे सिंथेसिसच्या पायऱ्या आणि थाळीवरची निरीक्षणे इथे एकमेकांत विणलेली आहेत. काही ठिकाणी वाचकाची दमछाक होईल, विशेषतः औषधाच्या रक्तातल्या पातळीचे गणित येते तिथे. विषाणूंवरची औषधे आणि जिवाणूभक्षी फाज यांना लेखकांनी हात घातलेला नाही, आणि ते योग्यच केले. संगणकी पद्धतींवर मात्र आणखी लिहायला हवे होते असे मला वाटते. डॉकिंगचे रंगीत चित्र म्हणजे पुरावा नव्हे, हे लेखक एका परिच्छेदात सांगून पुढे जातात. आपल्याकडची परिस्थिती पाहता त्यावर एक अख्खे प्रकरण खपले असते.

फसलेल्या संयुगांचे तक्ते त्यांनी छापले आहेत, ही मात्र मराठीतच काय, इंग्रजी पुस्तकांतही न दिसणारी गोष्ट. कोणते संयुग साखळले, कोणत्याने रक्तपेशी फोडल्या, कोणते रक्तद्रव्यात निष्प्रभ झाले, सगळे नावानिशी. विद्यार्थ्यांनी पुस्तक तिथून उघडले तरी चालेल. गाईड मंडळींना एकच सुचवणे आहे. एमआयसीचे प्रकरण विद्यार्थ्याकडून पहिली अभिक्रिया लावण्याआधी वाचून घ्यावे आणि त्याला महिनाभर सूक्ष्मजीवशास्त्र विभागात बसवावे. माध्यम ओतण्यापासून प्लेट वाचण्यापर्यंत सगळे त्याने स्वतःच्या हाताने करावे आणि मगच कोणता सांगाडा घ्यायचा ते ठरवावे.